जिंकली ती दिव्याच

२८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातल्या बाटुमी शहरात नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. अंतिम लढतीत समोर कोनेरू हंपी होती. हंपीचे रेटिंग २५४३, दिव्याचे २४६३. दिव्याला स्पर्धेत पंधरावे मानांकन होते आणि तिच्या खात्यात ग्रँडमास्टर किताबासाठी लागणारा एकही नॉर्म नव्हता. तो विजय झाल्यापासून रत्नागिरीत बुद्धिबळाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडते: हंपीने डाव घालवला, म्हणून दिव्याला मिळाला.

हे वाक्य बोलणारे दिव्याचे शत्रू नाहीत. त्यांना तिचा अभिमानच आहे. तरीही ते हे बोलतात, कारण ही त्यांची जुनी सवय आहे. लांज्याच्या किंवा राजापूरच्या एखाद्या मुलीने कोल्हापूरच्या स्पर्धेत आपल्यापेक्षा तीनशे गुणांनी वरच्या मुलाला हरवले, तर तिच्याबद्दलही हेच बोलले जाते. त्याचा दिवस वाईट होता, त्याने तिला हलक्यात घेतले, घड्याळात वेळ उरली नव्हती. हरणाऱ्याची बाजू मांडायला चारजण पुढे येतात आणि जिंकणारीला तिचा डाव दाखवायला कोणी सांगत नाही. मुलीचे वडीलही हसून ‘नशीब’ म्हणतात. त्यांना तो विनय वाटतो. मुलगी शेजारी उभी राहून हे ऐकत असते.

मला हे म्हणणे साफ नामंजूर आहे. दिव्याबद्दल ते चुकीचे आहे, लांज्याच्या मुलीबद्दल तर त्याहून चुकीचे आहे, आणि का ते आकड्यांनीच दाखवता येते. रेटिंगचा आधार घेऊनच हे बोलले जात असल्याने उत्तरही रेटिंगच्याच हिशेबात द्यायला हवे.

आधी बाटुमीचा अंतिम सामना पाहू. दोन क्लासिकल डाव बरोबरीत सुटले. मग टायब्रेकचे रॅपिड डाव झाले. पहिला बरोबरीत, दुसरा दिव्याने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. एकूण अडीच विरुद्ध दीड. निर्णायक डावाच्या शेवटच्या टप्प्यात, वेळ अगदी थोडा उरलेला असताना, हंपीकडून चुका झाल्या हे खरेच आहे. पण त्याच डावात दिव्याच्या हातूनही जिंकण्याची संधी एकदा निसटली होती. आणि दोन दिवस आधीच्या पहिल्या क्लासिकल डावात पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळताना दिव्याने मोठे वर्चस्व मिळवले होते, ते तिच्याकडून टिकले नाही आणि हंपीने डाव वाचवला. त्या बरोबरीला ‘दिव्याने घालवले म्हणून हंपीला मिळाले’ असे कोणी म्हणत नाही. तिथे हंपीचा चिवटपणा दिसतो, अनुभव दिसतो, आणि तो होताच. मग तोच नियम दोन दिवसांनी का बदलावा? चुका मोजायच्या असतील तर दोन्ही बाजूंच्या मोजा.

शिवाय चूक आपोआप घडते ही समजूतच मुळात बुद्धिबळ न खेळणाऱ्याची आहे. माणूस पटावर एकटा बसलेला नसतो. हंपीच्या घड्याळातली मिनिटे कोणी खर्च करायला लावली? प्रत्येक चालीला नवा प्रश्न समोर टाकणारी एक खेळाडू पलीकडे बसली होती. बरोबरी पुरेशी मानून दोघी पुढच्या, आणखी कमी वेळाच्या डावांकडे जाऊ शकल्या असत्या. काळ्या मोहऱ्यांना तर ती सोयीचीच. दिव्याने डाव लांबवला, प्यादी आणि हत्ती उरलेल्या स्थितीत हंपीला तंतोतंत चाली शोधत राहणे भाग पाडले, आणि तशा चालींपैकी एक हंपीला सापडली नाही. यालाच खेळून जिंकणे म्हणतात. जगातला कुठलाही निर्णायक डाव घ्या, हरलेल्या बाजूची कुठेतरी चूक सापडणारच. दोन्ही बाजूंनी अचूक खेळ झाला तर डाव बरोबरीत सुटतो असेच आजवरचा अनुभव आणि संगणक दोन्ही सांगतात. म्हणजे ‘समोरच्याने चूक केली’ हे कारण प्रत्येक विजयाला लागू पडते. मॅग्नस कार्लसनच्याही. मग ते फक्त कमी रेटिंगवाल्याच्याच विजयाला का चिकटवायचे?

काहीजण म्हणतात, रॅपिड हा तरुणांचा खेळ, क्लासिकल झाला असता तर हंपीच जिंकली असती. त्यांना एवढीच आठवण द्यायची की डिसेंबर २०२४मध्ये न्यूयॉर्कला महिलांची जागतिक रॅपिड स्पर्धा जिंकली ती हंपीने. त्याआधी २०१९मध्येही तिनेच. बाटुमीत टायब्रेकला बसली तेव्हा रॅपिडची विद्यमान जगज्जेती हंपी होती. दिव्याने तिला तिच्या घरच्या मैदानावर हरवले.

आता रेटिंगकडे येतो, कारण खरा घोळ इथे आहे. आपल्याकडे रेटिंगकडे खेळाडूच्या उंचीसारखे पाहिले जाते: मोजली, लिहिली, विषय संपला. ज्या माणसाने ही पद्धत बसवली त्याची अशी समजूत नव्हती. आर्पाद एलो हे हंगेरीत जन्मलेले, अमेरिकेत मिलवॉकीला भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. जागतिक महासंघाने, म्हणजे फिडेने, त्यांची पद्धत १९७०मध्ये स्वीकारली. आपल्या मोजणीची मर्यादा त्यांनीच सांगून ठेवली आहे: पाण्यावर हेलकावणाऱ्या बुचाची जागा, वाऱ्यावर झुलणाऱ्या दोरीला बांधलेल्या काठीने मोजावी, तसे हे काम. खेळाडूची ताकद रोज थोडी वरखाली होते, मोजणारे साधनही हलते, आणि हाती येतो तो फक्त अंदाज. तो अंदाजही उद्याचा नसतो, काल-परवापर्यंत जे डाव झाले त्यांचा असतो.

हा अंदाज नेमके काय सांगतो? दोन खेळाडूंमध्ये ऐंशी गुणांचे अंतर असेल तर वरच्याने शंभर डावांत साधारण एकसष्ट गुण मिळवावेत, खालच्याने एकोणचाळीस. दोनशेचे अंतर असेल तर शहात्तर आणि चोवीस. चारशेचे असेल, जिथे आपल्याकडे सामना एकतर्फी धरला जातो, तिथेही शंभरातले आठ गुण खालच्याच्या वाट्याचे आहेत. हे फिडेचे स्वतःचे कोष्टक आहे. दोनशे खेळाडूंची स्पर्धा घ्या. पहिल्या फेरीत स्विस पद्धतीने वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्याशी खेळतो, शंभर पट लागतात. प्रत्येक पटावर चारशे गुणांचा फरक असला तरी कोष्टकाच्या हिशेबाने खालच्यांना आठ गुण मिळायला हवेत: कुठे विजय, कुठे बरोबरी. ते मिळाले तर रेटिंग पद्धत बरोबर चालते आहे असा अर्थ. जो माणूस म्हणतो की वरच्याने नेहमी जिंकायला हवे आणि नाही जिंकला तर काहीतरी बिघडले, त्याचा रेटिंगवर विश्वास नाही. ते नेमके काय सांगते हे त्याने वाचलेलेच नाही.

इथे एक चांगला आक्षेप येऊ शकतो आणि तो टाळायचा नाही. दिव्याने हंपीला एकटीलाच हरवले नाही. चौथ्या फेरीत तिने दुसऱ्या मानांकित झू जिनरला बाहेर काढले, उपांत्यपूर्व फेरीत द्रोणवल्ली हरिकाला, उपांत्य फेरीत तिसऱ्या मानांकित आणि माजी जगज्जेत्या तान झोंगयीला, आणि शेवटी चौथ्या मानांकित हंपीला. दोन, तीन आणि चार क्रमांकाच्या तिघी, आणि तिघींशीही अंतर ऐंशीच्या आसपास. एकदा जिंकण्याची शक्यता चाळीस टक्के धरली तर तिन्ही वेळा जिंकण्याची साडेसहा टक्क्यांच्याही आत येते. म्हणजे हे नशीबच नव्हे का?

अशा वेळी दोन स्पष्टीकरणे शक्य असतात. एक, फार क्वचित लागणारे दान लागले. दोन, कागदावरचा २४६३ हा आकडाच तिच्या ताकदीपेक्षा कमी होता. कुठले मानायचे ते इतर पुरावा ठरवतो, आणि तो भरपूर आहे. ऑक्टोबर २०२४मध्ये याच दिव्याचे रेटिंग २५०१ होते. नऊ महिन्यांत तिला खेळ विसरायला झाला होता का? त्याच वर्षी बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये तिसऱ्या पटावर तिने अकरा डावांत साडेनऊ गुण मिळवून वैयक्तिक सुवर्ण घेतले होते, संघाच्या सुवर्णाशिवाय. त्याच वर्षी गांधीनगरला वीस वर्षांखालील मुलींचे जागतिक विजेतेपद अकरापैकी दहा गुणांनी जिंकले होते. २०२३मध्ये कोलकात्याच्या टाटा स्टील रॅपिड स्पर्धेत ती सर्वांत शेवटच्या मानांकनाने उतरली आणि पहिली आली. त्या स्पर्धेत जगज्जेती जू वेनजुन होती, हंपीही होती. बाटुमीच्या महिनाभर आधी लंडनला जागतिक सांघिक ब्लिट्झमध्ये तिने हौ यिफानला, म्हणजे महिलांच्या यादीतल्या पहिल्या क्रमांकाला हरवले होते. इतक्या वेळा ‘अपघात’ एकाच मुलीच्या बाबतीत होत असतील तर त्यांना अपघात म्हणणाऱ्याने आपली मोजपट्टी तपासावी.

आणि बाटुमीनंतर? सप्टेंबर २०२५मध्ये समरकंदच्या ग्रँड स्विसमध्ये ती महिला गटाऐवजी खुल्या गटात खेळली आणि जगज्जेत्या गुकेशशी बरोबरी केली. पुढे नोव्हेंबरात गोव्याच्या विश्वचषकात मात्र पहिल्याच फेरीत ग्रीसच्या ग्रँडमास्टरकडून हरली. लगेच इकडे ऐकू आले, ‘बघा, बाटुमीचे नशीबच होते.’ यातली विसंगती कोणाच्या लक्षातच येत नाही. गोव्यात तिला हरवणाऱ्याचे रेटिंग तिच्यापेक्षा वर होते. तुमच्याच हिशेबाने तो अपेक्षित निकाल होता. जिंकली तर रेटिंग सांगते नशीब, हरली तर रेटिंग सांगते लायकी. या न्यायाने कमी रेटिंगच्या खेळाडूला कधीच जिंकता येणार नाही, पटावर तिने काहीही केले तरी.

गोव्याचा विश्वचषक तर आपल्या दाराशी झाला, कोकण रेल्वेने काही तासांवर. रत्नागिरीच्या ज्या मुलांनी त्याचे डाव मन लावून पाहिले त्यांना वेगळे काही सांगायची गरज नाही. विद्यमान जगज्जेता गुकेश तिसऱ्या फेरीत जर्मनीच्या फ्रेडरिक स्वानेकडून हरला, रेटिंगमध्ये शंभराहून अधिक गुणांनी खालच्या खेळाडूकडून. शेवटी स्पर्धा जिंकली ती उझबेकिस्तानच्या जावोखिर सिंदारोवने, सोळाव्या मानांकनावरून. बाटुमीत पंधरावी, गोव्यात सोळावा. बाद पद्धतीच्या स्पर्धेत असे अधिक घडते, मान्य. पण साखळी पद्धतीतही घडते. एप्रिल २०२४मध्ये टोरंटोच्या कँडिडेट्स स्पर्धेत आठजण प्रत्येकाशी दोनदा खेळले, चौदा फेऱ्या. रेटिंगच्या क्रमाने गुकेश त्यांत सहावा होता, आणि पहिला तोच आला.

त्याच स्पर्धेतले आपल्या नाशिकच्या विदित गुजराथीचे उदाहरण मला अधिक महत्त्वाचे वाटते, कारण त्याला कोणी पुरेसा न्याय दिला नाही. विदित तेव्हा २७२७, हिकारू नाकामुरा २७८९. नाकामुरा क्लासिकलमध्ये सत्तेचाळीस डाव अपराजित राहिला होता. दुसऱ्या फेरीत विदितने काळ्या मोहऱ्यांनी ती मालिका तोडली. लोक म्हणाले, एक डाव निघाला. नवव्या फेरीत पुन्हा गाठ पडली, यावेळी पांढरी मोहरी विदितकडे, आणि त्याने पुन्हा हरवले. स्पर्धेअखेर विदितचे चौदा डावांत सहाच गुण झाले, म्हणून त्याचा टोरंटोचा प्रवास अपयशी या खात्यात टाकून आपण मोकळे झालो. आता नाकामुराच्या बाजूने पाहा. तो साडेआठ गुणांवर थांबला, गुकेश नवांवर. नाकामुराने संपूर्ण स्पर्धेत दोनच डाव गमावले, दोन्ही विदितविरुद्ध. त्यातला एक जरी बरोबरीत सुटला असता तर तो गुकेशबरोबर पहिल्या क्रमांकावर असता आणि टायब्रेक खेळावा लागला असता. जगज्जेतेपदाचा आव्हानवीर कोण, या प्रश्नाच्या उत्तरात नाशिकच्या एका मुलाने खेळलेल्या दोन डावांचा वाटा आहे. ते दोन डाव नाकामुराच्या चुका म्हणून सोडून देणे हा विदितवर अन्याय आहे, आणि मराठी माणसांनीच तो केला याचे मला अधिक दुःख होते.

आता घरी, रत्नागिरीत येतो. हा लेख लिहिण्याचे खरे कारण इथेच आहे.

पुण्यात किंवा चेन्नईत राहणाऱ्या मुलाला रेटिंगची स्पर्धा गाठायला बस बदलावी लागते. मंडणगड, दापोली, संगमेश्वर, लांजा इथल्या मुलाला घरातल्या एका मोठ्या माणसाची रजा, एसटी किंवा रेल्वे, तीन-चार रात्रींची राहण्याची सोय, प्रवेश फी आणि जेवणखाण एवढे सगळे जुळवावे लागते. रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूर सुमारे १३० किलोमीटर; मुंबई, पुणे त्याहून कितीतरी लांब. नोकरी-धंद्याच्या घरात वर्षाला अशा दोन खेपा झाल्या तरी पुष्कळ. एका स्पर्धेत नऊ फेऱ्या धरल्या तर वर्षाचे अठरा रेटिंग डाव. बाकी मूल खेळते ते शाळेत, मंडळाच्या स्पर्धेत, गणेशोत्सवात, आणि आता मोबाइलवर. यातल्या एकाही डावाची नोंद फिडेच्या यादीत होत नाही. मूल वाढते, यादीतला आकडा जागच्या जागी राहतो.

हिशेब करून पाहा. समजा एका मुलीचे रेटिंग १४५० आहे आणि तिचा खेळ प्रत्यक्षात १७५०च्या तोडीचा झाला आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी फिडेचा गुणक चाळीस असतो, म्हणजे आकडा सर्वांत वेगाने हलण्याची सोय मुलांना दिलेली आहे. ती १७५०च्या खेळाडूंशी खेळली तर कोष्टक तिच्याकडून डावामागे पंधरा शतांश गुणाची अपेक्षा करते. ती प्रत्यक्षात सरासरी अर्धा मिळवते. सुरुवातीला डावामागे चौदा गुण वाढतात, आणि आकडा चढेल तशी ही वाढ कमी होत जाते. वर्षाचे अठरा डाव संपले तरी ती १७५०पासून साधारण शंभर गुण मागेच असते. तोवर वर्ष उलटलेले असते आणि या वयात वर्षभराचा सराव म्हणजे खेळ आणखी पुढे गेलेला असतो. पुण्याची मुलगी हेच अठरा डाव दोन महिन्यांत खेळते आणि तिचा आकडा तिच्या खेळाला धरून चालतो. मग कोल्हापूरच्या सभागृहात या दोघी समोरासमोर बसतात. आरंभयादीत एक चाळिसावी, दुसरी एकशे साठावी. एकशे साठावी जिंकते. आणि आपण म्हणतो, चाळिसावीने डाव घालवला.

हा फक्त माझा तर्क असता तर कोणी झटकून टाकला असता. पण खुद्द फिडेने १ मार्च २०२४ रोजी तो मान्य करून टाकला. खालची रेटिंग प्रत्यक्ष ताकदीपेक्षा फार घसरली आहेत हे लक्षात आल्यावर महासंघाने २०००च्या खालच्या प्रत्येक खेळाडूचा आकडा एका दिवसात वाढवला: २०००पासून जितके अंतर, त्याच्या चाळीस टक्के भर. १५००चा खेळाडू १७०० झाला, १०००चा १४००, आणि रेटिंगची किमान पातळी १०००वरून १४००वर नेली. विचार करा. २९ फेब्रुवारीला १००० रेटिंगच्या मुलाने १८००च्या खेळाडूला हरवले असते तर आठशे गुणांचा चमत्कार म्हणून त्याची बातमी झाली असती. दुसऱ्या दिवशी तेच दोघे, त्याच ताकदीचे, १४०० आणि १८८० झाले. अंतर आठशेवरून चारशे ऐंशीवर. त्या रात्रीत कोणीही एक चालसुद्धा नवी शिकले नव्हते. ज्या आकड्याच्या भरवशावर आपण मुलाच्या विजयाला नशीब ठरवतो तो आकडा इतका हलता आहे, आणि हलतो तेव्हा तो खालच्या मुलाच्या बाजूने हलतो.

यावर अनुभवी प्रशिक्षकांकडून एक उत्तर येते: मुलांच्या डोक्यात हवा जाऊ नये म्हणून आम्ही असे बोलतो. हेतू चांगला, पण परिणाम उलटा होतो. ज्या मुलीने पाच तास बसून हत्तींचा शेवट जिंकून आणला तिला आपण सांगतो की तो तू जिंकला नाहीस. ती पुढे काय शिकेल? पेअरिंग लागल्यावर आधी समोरच्याचे रेटिंग बघायचे, तीनशेने वर दिसले की विसाव्या चालीला बरोबरी विचारायची, चांगली स्थिती आली तरी स्वतःवर विश्वास ठेवायचा नाही. कोकणातली मुले अशा लवकर विचारलेल्या बरोबऱ्यांत किती गुण सोडून येतात हे कुठल्याही पंचाला विचारा. डोक्यात हवा जाऊ द्यायची नसेल तर जिंकलेला डाव चालीनिशी तपासा. कुठे चुकलीस, कुठे संधी दवडलीस ते दाखवा. तसे केले की मुलगी आपोआप जमिनीवर राहते आणि आपण काय बरोबर केले तेही तिला कळते. नशीब म्हणून टाकले की तिला दोन्हीतले काहीच कळत नाही.

महाराष्ट्राला तरी हे नव्याने सांगावे लागू नये. १९७६मध्ये ‘नवाकाळ’चे संपादक नीळकंठ खाडिलकर यांची तेरा वर्षांची मुलगी रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला उतरली, तेव्हा तिला खेळूच देऊ नये म्हणून गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. फिडेचे तेव्हाचे अध्यक्ष, माजी जगज्जेते मॅक्स युवे यांनी निर्णय दिला की स्त्रियांना राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून वगळता येणार नाही. पुढे १९८१मध्ये ती आशियाई महिला विजेती झाली. तेव्हा पटावर बसण्याआधीच निकाल ठरवणारे लोक मुलगी म्हणून ठरवत होते, आज आकडा म्हणून ठरवतात.

दिव्याच्या ग्रँडमास्टर किताबाबद्दलचा आक्षेप थोडक्यात. तीन नॉर्म आणि २५०० रेटिंगचा नेहमीचा मार्ग तिने पूर्ण केला नाही, हे खरे. महिला विश्वचषकाच्या विजेतीला किताब थेट मिळतो हा फिडेचा नियम स्पर्धेआधीपासून होता आणि बाटुमीला आलेल्या प्रत्येकीला तो लागू होता. तीन आठवडे चाललेल्या स्पर्धेत दोन, तीन आणि चार क्रमांकाच्या खेळाडूंना बाहेर काढून ती भारताची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर झाली, हंपी, हरिका आणि वैशाली यांच्यानंतरची चौथी स्त्री. नॉर्म हा तरी काय असतो? बलवान खेळाडूंविरुद्ध एका स्पर्धेत ठरावीक कामगिरी केल्याचा दाखला. बाटुमीत तिने त्याहून मोठा दाखला दिला.

हंपीबद्दल एक शब्द, कारण या सगळ्यात तिचा अवमान होऊ नये. २००२मध्ये पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झालेली, अडतिसाव्या वर्षी अव्वल मानांकित लेइ तिंगजीला उपांत्य सामन्यात हरवून अंतिम फेरीत आलेली ही खेळाडू. ‘हंपीने घालवला’ म्हणणारे तिचाही मान राखत नाहीत. एकोणीस वर्षांच्या मुलीला जे मिळाले ते हंपीच्या ढिलाईमुळे मिळाले, असा त्याचा अर्थ होतो. हंपी ढिली खेळली नाही. ती शेवटपर्यंत लढली आणि त्या दिवशी तिच्यापेक्षा चांगले खेळणारीकडून हरली.

म्हणून जिल्ह्यातल्या संघटकांकडे आणि पालकांकडे माझे मागणे अगदी व्यवहाराचे आहे. रत्नागिरी, चिपळूण, खेड, जिथे सभागृह आणि राहण्याची सोय आहे तिथे वर्षातून निदान दोन फिडे रेटिंग स्पर्धा भरवा, म्हणजे मंडणगड-गुहागरच्या मुलांचे डाव नोंदले जातील आणि बाहेरचे खेळाडू इथे येऊन त्यांच्याशी खेळतील. इथली मुले फक्त एकमेकांशीच खेळत राहिली तर तेच गुण या हातातून त्या हातात फिरतात, वर कोणीच सरकत नाही. स्पर्धेच्या सभागृहाबाहेर डाव तपासण्यासाठी चार पट मांडून ठेवा. कमी रेटिंगच्या मुलाने वरच्याला हरवले की त्याला तिथे बसवा, चालींचा कागद पुढे ठेवा आणि पहिल्या चालीपासून सगळा डाव त्यालाच मांडायला सांगा. बातमी देणाऱ्यांनी हरलेल्याच्या चुकीआधी जिंकलेल्याची चाल छापावी.